गोळ्या संपल्या, हात गेला

कुष्ठरोग हा कातडीचा रोग आहे असं मला जो डॉक्टर सांगतो, त्याने चट्टा पाहिलेला असतो, माणूस पाहिलेला नसतो. चट्टा ही या रोगाची नुसती पाटी. सगळा व्यवहार आत, नसांमध्ये चालतो. गेली सव्वीस वर्षं मी विदर्भात फिजिओथेरपिस्ट म्हणून कुष्ठरुग्णांचे हात-पाय तपासते आहे. या काळात वाकडी बोटं घेऊन जी माणसं माझ्यासमोर बसली, त्यांतल्या बहुतेकांचा हात वाचला असता. औषध होतं. वेळही होता. कोणीतरी त्यांचं कोपर हातात घेऊन दाबून पाहायला हवं होतं, तेवढं झालं नाही. हे मला शांतपणे लिहिता येत नाही आणि तसं लिहायचंही नाही.

मागच्या हंगामात एक बाई आली. वय बेचाळीस, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचते. पऱ्हाटीचं बोंड उकललं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी टोचतात. वेचणाऱ्या बायकांची बोटं हंगामभर ओरखडलेली असतात, म्हणून त्या संध्याकाळी बोटांना तेल लावतात. या बाईला टोचणं बंद झालं होतं. ओटीतल्या पांढऱ्या कापसावर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा तिने आधी शेजारणीचे हात पाहिले. "मले वाटलं, तिलेच लागलं. मंग पाह्यलं तं माह्याच हाताचं व्हतं, ताई," ती म्हणाली.

तिने उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधला मांसल उंचवटा बसून तिथे खळगा पडलेला. मी तिचं कोपर अर्धं वाकवलं आणि आतल्या बाजूच्या खोबणीत बोट फिरवलं. नस शिसपेन्सिलीएवढी जाड लागली. जरा दाबताच तिने हात मागे खेचला.

करंगळीला मुंग्या येऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. त्या चौदा महिन्यांत चार डॉक्टर झाले. पहिल्याने शक्तीच्या सुया दिल्या. दुसऱ्याने मानेचा एक्स-रे काढला आणि मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा बांधायला सांगितला. तिसऱ्याने बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या लिहिल्या, चौथ्याने त्याच गोळ्या दुसऱ्या कंपनीच्या. एका हंगामाची मजुरी त्यात गेली. तिच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाजवळ, तळहाताएवढा फिकट चट्टा होता. तीन वर्षांपासूनचा. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून ती बोलली नाही. आणि चौघांपैकी एकानेही तिला पाठ दाखवायला सांगितली नाही. एकानेही कोपराला हात लावला नाही.

ही नस शोधायला काही मोठी विद्या लागत नाही. दाराच्या कडेला कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो ना, तीच ही. अल्नर नर्व्ह. हाडाच्या खोबणीत, कातडीच्या अगदी खाली असते म्हणून तर आपटते. आणि कातडीजवळ असते म्हणूनच कुष्ठरोगाचा जंतू तिथे घर करतो.

हा जंतू समजून घेतल्याशिवाय माझा राग समजणार नाही, म्हणून थोडं सांगते. नॉर्वेतल्या बर्गन शहरात आर्मावर हॅन्सन यांनी तो १८७३ साली पाहिला. मायकोबॅक्टेरियम लेप्री. क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. याच्यासारखा संथ जंतू क्वचितच सापडेल. जुलाबाचा एखादा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला त्यासाठी दोन आठवडे लागतात. प्रयोगशाळेतल्या बशीत तो आजवर कोणाला वाढवता आलेला नाही. शरीरात शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षं जातात, कधी वीससुद्धा. त्याला थंडावा आवडतो. पोटातल्या, छातीतल्या ऊबेत तो रमत नाही. कातडी, नाक, कानाची पाळी, डोळ्याचा पुढचा भाग आणि कातडीलगतच्या नसा ही त्याची ठिकाणं. कोपराजवळची नस, मनगटाजवळची, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने हाडाला वळसा घालून जाणारी, घोट्यामागची, चेहऱ्यावरची. नसेतल्या प्रत्येक तंतूभोवती श्वॉन नावाच्या पेशींचं आवरण असतं, विजेच्या तारेला रबर असावं तसं. माणसांना रोग देणाऱ्या जंतूंमध्ये या पेशींत शिरून राहण्याची कला याच्यासारखी दुसऱ्या कोणाला साधलेली नाही.

पण खरं नुकसान नेहमी जंतूच करतो असंही नाही. शरीर उशिरा जागं होतं आणि जंतूवर तुटून पडतं. जंतू नसेत बसलेला, म्हणून मार नसेला. नस सुजते. तिच्याभोवतीचं वेष्टण घट्ट, सुजेला पसरायला जागा नाही, त्यामुळे आतले तंतू चेंगरतात. याला रिअॅक्शन म्हणतात. चट्टे लाल होऊन फुगतात, नस ठणकते, हाताची ताकद दिवसांत किंवा आठवड्यांत उतरते. कधी ठणकही नसते. नस मुकाट्याने मरते आणि माणसाला भाजल्यावर किंवा कापल्यावर कळतं. ही रिअॅक्शन उपचाराआधी येऊ शकते, उपचार चालू असताना येऊ शकते आणि उपचार संपल्यानंतरही येऊ शकते. हे तिसरं वाक्य मी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवून घेतलं असतं.

कारण आपला सगळा कार्यक्रम ते वाक्य विसरून चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचार सुचवला. एमडीटी. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. या औषधांनी क्रांती केली, त्यात मला तिळमात्र शंका नाही. सौम्य प्रकारात सहा महिने, जंतू जास्त असलेल्या प्रकारात बारा महिने. जंतू मरतो, संसर्ग थांबतो. गोळ्यांची पाकिटं फुकट मिळतात. शेवटचं पाकीट संपलं की कार्डावर शेरा पडतो, नाव यादीतून निघतं आणि माणूस रोगमुक्त ठरतो. जंतूपासून तो मुक्त झालेला असतो हे खरं. त्याच्या नसेचं काय चाललंय हे त्या दिवशी कोणी तपासलेलं नसतं, आणि त्यानंतर तो कोणाचाच रुग्ण नसतो.

माझ्याकडे आलेला एक पोरगा सांगते. चोवीस वर्षांचा, वीटभट्टीवर कामाला. बारा महिन्यांच्या गोळ्या त्याने एकही न चुकवता घेतल्या. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडली तेव्हा भट्टीवरच्या लोकांनी विचारलं, त्याने ऊन लागलं म्हणून सांगितलं आणि गोळ्या घेत राहिला. कोर्स संपला. तीन महिन्यांनी त्याच्या उजव्या पायातली चप्पल चालता चालता निसटू लागली. चप्पल सैल झाली असेल म्हणून त्याने नवी घेतली. तीही निसटली. मग पाऊल पुढून उचललं जाईना, चालताना पंजा जमिनीवर आपटायला लागला. तो आरोग्य केंद्रात गेला. तिथे कार्ड पाहून सांगितलं, तुझं औषध पूर्ण झालं आहे, आता काही नाही. तो परत गेला. दोन महिन्यांनी पुन्हा आला, पुन्हा तेच उत्तर. माझ्यापर्यंत आला तेव्हा चप्पल निसटायला लागून आठ महिने होऊन गेले होते.

आठ महिने. नसेची ताकद जाऊन सहा महिने व्हायच्या आत प्रेडनिसोलोन सुरू केलं तर ती परत येण्याची चांगली शक्यता असते, हे कुष्ठरोगात काम करणाऱ्या कोणालाही विचारा. दमा, संधिवात, ॲलर्जी, कशालाही वापरतात ती ही स्टिरॉइडची गोळी. स्वस्त. साधारण दिवसाला चाळीस मिलिग्रॅमपासून सुरू करायची आणि रक्तदाब, साखर, पोट सांभाळत काही महिन्यांत हळूहळू उतरवायची. सोबत पायाला आधाराची पट्टी, रोजचा व्यायाम. त्या पोराचं पाऊल उचललं गेलं असतं. आज तो पायाला स्प्रिंगचा पट्टा लावून चालतो आणि भट्टीवरचं काम सुटलं. त्याने एकही गोळी चुकवली नव्हती. चुकलं ते दुसऱ्यांचं, पाऊल गेलं ते त्याचं.

तर ही यादीतून नाव काढण्याची घाई कुठून आली? तिचा हिशेब मांडायलाच हवा. भारतातून कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून दूरीकरण झालं, असं २००५च्या डिसेंबरात ठरलं. दूरीकरण म्हणजे काय, तर दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण. रुग्ण म्हणजे कोण, तर त्या दिवशी ज्याच्या गोळ्या चालू आहेत तो. ज्याच्या गोळ्या संपल्या, पण हात लुळा आहे, तो या गणतीत नाही. ज्याच्या पायाला चार वर्षं न भरलेली जखम आहे तोही नाही. आणि १९९८मध्ये जंतू जास्त असलेल्या प्रकाराचा कोर्स चोवीस महिन्यांवरून बारावर आला तेव्हा नोंदवहीतली संख्या आपोआप खाली येणारच होती. माणूस यादीत दोन वर्षं राहायचा तो एकच वर्ष राहू लागला. वैद्यकीयदृष्ट्या तो निर्णय बरोबर असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या आकड्याला विजय म्हणणं ही फसवणूक होती, आणि त्या फसवणुकीची किंमत पुढची वीस वर्षं रुग्णांच्या हातापायांनी भरली.

२००१ साली भारतात कुष्ठरोगाच्या नव्या रुग्णांची नोंद सहा लाखांच्या वर होती. २००६ साली ती दीड लाखाच्या खाली आली. ज्या रोगाला दिसायलाच सरासरी पाच वर्षं लागतात, तो पाच वर्षांत तीन चतुर्थांश आटतो का? तो आटला नव्हता. आपण शोधणं सोडलं होतं. घरोघर फिरून अंग तपासणारी माणसं होती, त्यांना इतर कामांना जुंपलं. कुष्ठरोगाचा स्वतंत्र कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळला. कल्पना चांगली होती: कुष्ठरुग्णाला वेगळ्या दारातून नेऊ नका, सगळ्यांच्या रांगेत उभं करा. पण त्या रांगेच्या टोकाला बसलेल्या माणसाला नस तपासता यायला हवी, ही अट कोणी पाळली नाही. विभागातले जुने कुष्ठरोग तंत्रज्ञ निवृत्त होत गेले. त्यांच्या बोटांना नसेची जाडी कळायची. सायकलवरून पाड्यापाड्यांवर जाऊन त्यांनी ती बोटं तयार केली होती. त्यांच्यासोबत ते ज्ञानही घरी गेलं.

आजही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात सापडतात. २०२३ साली ते एक लाखाच्या वर होते. महाराष्ट्रात चंद्रपूर, गडचिरोली, पालघर, नंदुरबार या जिल्ह्यांतल्या कोणत्याही आशाताईला विचारा, हा रोग गेला का. २०१६पासून पुन्हा शोधमोहिमा सुरू झाल्या, रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस देण्याची पद्धत आली, हे चांगलं झालं. २०२७पर्यंत संसर्गाची साखळी तोडायची असं सरकारने ठरवलं आहे. जरूर तोडा. पण संसर्ग थांबला म्हणजे काम संपलं, हे मनात धरून पुन्हा यादी बंद केली, तर ज्यांच्या नसा आज सुजलेल्या आहेत त्यांना पुन्हा वाऱ्यावर सोडलं जाईल. त्यांचं आयुष्य २०२७च्या पुढे आहे.

आता माझ्या वैद्यकीय बंधू-भगिनींविषयी. मला नेहमी ऐकवलं जातं की ओपीडीत शंभर रुग्ण असतात, वेळ कुठे आहे. नसांची पूर्ण तपासणी करायला मला दहा ते पंधरा मिनिटं लागतात. कोपर, मनगट, गुडघ्याखालची आणि घोट्यामागची नस चाचपायची. डोळे गच्च मिटायला सांगून पापणी बोटाने उघडून पाहायची. करंगळी बाहेर फाकवायला सांगून ती आत ढकलायची, तळहात वर करून अंगठा छताकडे उभा करायला सांगायचा, मनगट आणि पाऊल वर उचलायला सांगून दाबायचं. तळहात आणि तळपायावर ठरलेल्या ठिकाणी नायलॉनचा तंतू टेकवायचा. तंतू नसेल तर खिशातलं बॉलपेन चालतं. रुग्णाने डोळे मिटून, जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायचं. बस. पंधरा मिनिटंही नसतील तर मुंग्यांची तक्रार घेऊन आलेल्याचं कोपर तरी दाबा, त्याला अर्धं मिनिट लागत नाही. मानेचा एक्स-रे लिहायला त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय असेही रुग्ण असतात ज्यांच्या अंगावर एकही चट्टा नसतो, रोग फक्त नसेतच असतो. चट्टा शोधत बसलेल्या डॉक्टरच्या हातून ते सुटणारच. एमबीबीएसच्या परीक्षेत कुष्ठरोग हा त्वचारोगातली एक टीप म्हणून येतो, नस चाचपायची परीक्षा किती जणांनी प्रत्यक्ष दिली, हे प्रत्येक डॉक्टरने मनाशी आठवून पाहावं.

आणि हे ज्ञान नवं नाही, म्हणून तर जास्त संताप येतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. चालू असलेल्या स्नायूची दोरी मेलेल्या स्नायूच्या जागी जोडायची, म्हणजे बोट पुन्हा सरळ होतं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा करणारे डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे हात आणि चेहरे दुरुस्त केले. ब्रँड यांनी आणखी एक गोष्ट डोळसपणे पाहिली: कुष्ठरोगात बोटं झडत नाहीत. ती झिजतात, कारण त्यांना दुखत नाही. तव्यावर भाजतं, कळत नाही. खिळा घुसतो, माणूस तसाच दोन कोस चालतो. रात्री झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड जिरतं, बोट आखूड होतं. वेदना ही राखणदार आहे. नस गेली की राखणदार गेला, आणि मग उघड्या घरात कोणीही शिरतं. सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी सिद्ध झालेली ही गोष्ट, आणि आजही मला शिकलेली माणसं विचारतात, "मॅडम, त्यांची बोटं गळून पडतात का हो?" नाही. बोटं गळत नाहीत. त्यांना राखायला आपण जे करायला हवं ते करत नाही.

चपलेचं उदाहरण घ्या. तळपाय बधिर झालेल्या माणसाला आतून मऊ रबराची, खालून कडक, खिळा न घुसणारी चप्पल लागते. सरकार ती देतं. एमसीआर चप्पल म्हणतात तिला. मी कित्येक घरांत त्या चपला पाहिल्या आहेत, दाराआड, खाटेखाली, नव्याकोऱ्या. बाहेर निघताना माणूस बाजारातली साधी स्लीपर घालतो. कारण ती सरकारी चप्पल अख्ख्या गावाला ओळखू येते. एकच रंग, एकच ठेवण. ती पायात असली की पोरीचं लग्न अडतं. मी एका बाईला रागावले होते, चप्पल का घातली नाही म्हणून. तिने मला विचारलं, "तुम्ही घालान का ताई, हे घालून बाजारात जासान?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच तळाची चप्पल बाजारातल्या चपलेसारखी दिसेल अशी बनवायला कोणतं शास्त्र आड येतं? काही संस्थांनी अशा चपला बनवल्याही आहेत. ते सगळीकडे व्हायला हवं. तळपायाला लागलेली एक जखम वर्षानुवर्षं भरत नाही, शेवटी पाय कापावा लागतो. आणि तो पाय वाचवणारी वस्तू आपण अशी बनवतो की माणूस ती लपवतो.

या लाजेमागे कायद्याचाही हात होता. १८९८चा लेपर्स अॅक्ट या देशात २०१६पर्यंत पुस्तकात होता. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९पर्यंत चाललं. एमडीटी आल्यानंतर जवळपास चाळीस वर्षं. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्यांनी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या, कारण नवऱ्याला कळलं तर सोडून देईल ही भीती होती. गोळ्या लपवणारी बाई दुखरी नस दाखवायला बाहेर पडत नाही. उशीर तिथून सुरू होतो.

आणि आपण, मराठी समाज? आपल्याकडे या रोगाची मोठी परंपरा आहे, सेवेची. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली काम सुरू केलं, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन. ज्या काळात औषध नव्हतं किंवा नुकतंच येत होतं त्या काळात या माणसांनी टाकलेल्यांना जवळ घेतलं. माझं बोट त्यांच्याकडे नाही. बोट आपल्याकडे आहे. आपण सहली काढून आनंदवन पाहून आलो, सतरंज्या आणि भेटकार्डं विकत घेतली, डोळे पुसले, आणि समजलो की कुष्ठरोगाचं काम तिकडे चालू आहे. तो रोग आश्रमात असतो, आपल्या गल्लीत नसतो, ही समजूत घेऊन आपण घरी आलो. त्यामुळे आपल्या घरातल्या माणसाची करंगळी बधिर झाली तर आपल्या मनात कुष्ठरोग येतच नाही. आणि कोणी तो शब्द काढलाच तर आपण डॉक्टर बदलतो. माझ्याकडे बँकेत काम करणारे आले आहेत, शिक्षक आले आहेत, हॉटेलात पोळ्या लाटणारी बाई आली आहे. जंतू जात, पगार, पत्ता विचारत नाही. दाटीवाटीत, कमी पोषणात तो जास्त पसरतो हे खरं, पण म्हणून बाकीच्यांना त्याने सोडून दिलेलं नाही.

मला काय हवं आहे ते स्पष्ट सांगते. उपचाराच्या पहिल्या दिवशी आणि दर महिन्याला नसा तपासून त्याची नोंद कार्डावर झालीच पाहिजे. जिथे नोंद नाही तिथे गोळ्या वाटणाऱ्याला जाब विचारला पाहिजे. गोळ्या संपल्यावर निदान दोन वर्षं त्या माणसाला ठरावीक काळाने बोलावून त्याचे हात, पाय, डोळे पाहिले गेले पाहिजेत, आणि त्याला तोंडी व लेखी सांगितलं गेलं पाहिजे की दुखलं, ताकद गेली, चप्पल निसटली, डोळा मिटेना, तर त्याच दिवशी ये. प्रेडनिसोलोन प्रत्येक आरोग्य केंद्रात असलं पाहिजे, आणि ते कधी, कसं द्यायचं हे तिथल्या डॉक्टरला आलं पाहिजे. ज्या तालुक्यांत रुग्ण आहेत तिथे कायमचा फिजिओथेरपिस्ट हवा. मी तीन तालुक्यांत एकटी फिरते आणि माझ्यामागे कोणी नाही. आणि सरकारला कार्यक्रमाचं यश मोजायचं असेल तर किती गोळ्या वाटल्या यावर मोजू नये. किती जणांचे हात आणि पाय शाबूत राहिले, यावर मोजावं. हे सगळं कोणत्याही नव्या संशोधनाची वाट न बघता उद्यापासून करता येतं.

कापूस वेचणाऱ्या त्या बाईला आम्ही प्रेडनिसोलोन दिलं. चौदा महिने झाले होते, तरी दिलं, कारण नस अजून दुखत होती, म्हणजे तिच्यात आग चालू होती. एमडीटी सुरू झाली. ठणक थांबली. बोटं सरळ झाली नाहीत. शस्त्रक्रियेने होतील, पण त्यासाठी काही महिने तिला काम सोडावं लागेल, आणि तिच्या घरात तिच्या मजुरीशिवाय चूल पेटत नाही. सध्या ती रोज रात्री हात पाण्यात भिजवते, तेल लावते, दुसऱ्या हाताने ती दोन बोटं एकेक करून सरळ ताणते. तवा उतरवताना जाड फडकं वापरते. झोपण्याआधी लेक तिचे हात-पाय उजेडात धरून कुठे लागलंय का ते पाहते, कारण आता तिला स्वतःला कळत नाही. ही लेक सातवीत आहे.

वाचकांना एक विनंती आहे. अंगावर फिकट किंवा लालसर, न खाजणारा चट्टा असेल तर डोळे मिटून त्यावर कापूस फिरवून पाहा. कापूस कळला नाही तर सरकारी दवाखान्यात जा. औषध फुकट आहे आणि रोग बरा होतो. करंगळीला मुंग्या येत असतील, मुठीतून वस्तू निसटत असेल, पायातली चप्पल गळत असेल, तर चट्टा नसला तरी डॉक्टरांना कोपराची आणि गुडघ्याखालची नस दाबून पाहायला सांगा. तुमच्या गोळ्या आधीच संपल्या असतील, तरी सांगा. ते कार्ड दाखवून परत पाठवतील, तर दुसऱ्याकडे जा, जिल्हा रुग्णालयात जा, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. पण सहा महिन्यांच्या आत जा.